दोन हजार तासांची दुखणी

सन २००९ च्या ऑक्टोबरात, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, ओस्टरविकच्या दवाखान्यातले डॉक्टर सिगर्ड लिंडाल यांनी चर्चच्या तळघरात खुर्च्या आवरता आवरता जाहीर केलं, की पुढच्या वर्षअखेरीस ते निवृत्त होत आहेत. त्यांना तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. गावची वस्ती सहाशे अकरा, आणि त्यातल्या निम्म्यांना या जगात त्यांनीच आणलेलं. लोक म्हणाले, "बरं झालं, जरा विश्रांती मिळेल," आणि उरलेल्या खुर्च्या आवरल्या. उत्तर मिनेसोटात याहून मोठा आकांत करायची पद्धत नाही.

दवाखान्याच्या खिडकीत तेव्हा मला चौतीस वर्षं झाली होती. नोंदी मी ठेवायची, फोन मी घ्यायची, आणि कंपनीची पत्रंही मीच फोडायची. आठवड्याभरात पत्र आलं. दवाखाना ज्या कंपनीचा होता तिने कळवलं होतं, की हजाराहून कमी वस्तीच्या ठिकाणी नवा डॉक्टर देणे धोरणात बसत नाही. तथापि, फिजिशियन असिस्टंट उपलब्ध होत असल्यास सकारात्मक विचार करण्यात येईल. गावातील योग्य व्यक्तीस २०१० च्या फेरीत कॉलेजात प्रवेश मिळाल्यास, ती शिकून येईपर्यंत फिरता डॉक्टर पाठवण्यात येईल. न मिळाल्यास दवाखाना एक जानेवारी २०११ पासून बंद समजावा. खाली कोणाची सही नव्हती. हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. तो तपासतो, औषध लिहून देतो, टाके घालतो, निखळलेला खांदा बसवतो. फक्त वर कुठेतरी कागदावर एका डॉक्टरचं नाव असतं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. पुढचं इस्पितळ बासष्ट मैलांवर होतं, आणि जानेवारीत ते बासष्ट मैल दोनशे होतात.

योग्य व्यक्ती कोण, यावर गावात चर्चा झाली नाही, कारण सगळ्यांना ती माहीत होती. व्हर्लिन हाउगेन, वय सत्तेचाळीस. धंदा गाईंचे खूर कापण्याचा. गाय लोखंडी चौकटीत उभी करायची, पाय उचलून बांधायचा, वाढलेला खूर तासायचा, जखम असेल तर साफ करून पट्टी बांधायची. दिवसाला चाळीस गाई, म्हणजे एकशे साठ पाय. चोवीस वर्षं त्याने हेच केलं. मागच्या हिवाळ्यात एका गाईने त्याच्या गुडघ्यावर आपलं मत नोंदवलं, तेव्हापासून तो दुसऱ्या धंद्याचा विचार करतच होता. शिवाय एकोणीस वर्षं तो गावच्या रुग्णवाहिकेवर होता, बिनपगारी. गावात कोणी पडलं की आधी व्हर्लिन यायचा, मग गरज असली तर देव.

कॉलेजच्या अर्जासाठी एक मदतकेंद्र होतं. व्हर्लिनने माझ्याच टेबलावरून फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. पलीकडे ब्रिएल नावाची मुलगी होती.

"पदवी चालेल," ब्रिएल म्हणाली. "पण तुमचं रसायनशास्त्र १९८३ चं आहे. त्याची मुदत संपली."

"रसायनांची?"

"गुणांची. दहा वर्षांनी संपते. परत परीक्षा द्यावी लागेल. आणि रुग्णांशी प्रत्यक्ष संपर्काचे दोन हजार तास लागतील."

"एकोणीस वर्षं रुग्णवाहिकेवर आहे मी."

"उत्तम. वरिष्ठांची सही पाठवा."

"पथकाचा प्रमुख मीच आहे."

"स्वतःची सही चालत नाही. आधीचे प्रमुख?"

"वारले. मीच नेलं होतं त्यांना."

"तो प्रवास धरता येईल," ब्रिएल म्हणाली, "ते जिवंत होते तिथपर्यंतचा."

"पस्तिसाव्या मैलापर्यंत होते."

"मग पस्तीस मैलांवर त्यांची सही हवी."

"आणि गाई?" व्हर्लिनने विचारलं. "चोवीस वर्षांच्या गाई आहेत माझ्याकडे."

"गाय ही रुग्ण या व्याख्येत येत नाही, सर. रुग्णाने तक्रार सांगायला हवी. प्रत्येक नोंदीत मुख्य तक्रार लिहायची, रुग्णाच्याच शब्दांत, आणि खाली त्याची सही घ्यायची. तक्रार नसेल तर त्याला नुसतं सोबत बसणं म्हणतात. त्याचे तास शून्य."

"गाय तक्रार करते," व्हर्लिन म्हणाला. "आमच्या गावात तेवढी एकटीच करते."

ब्रिएल हसली नाही, आणि तिला हसण्यासारखं काही नव्हतंच. ते निव्वळ सत्य होतं.

ओस्टरविकमध्ये तक्रार करत नाहीत. का, ते कोणी सांगू शकणार नाही. आमचे आजे-पणजे नॉर्वेहून येताना पेटीत जे काही घेऊन आले, त्यात ते होतं. कोणी विचारलं, "काय, कसं काय?" तर उत्तर एकच: "तसं वाईट नाही." पीक बुडालं, तसं वाईट नाही. बायको गेली, तसं वाईट नाही. १९७८ साली डेल्बर्ट निगार्ड आपली दोन बोटं रुमालात बांधून दवाखान्यात आला आणि रांगेत चौथा बसला. मी विचारलं, "काय झालंय डेल्बर्ट?" तो म्हणाला, "घाई नाही. यांचं आटपू दे." पुढे बसलेल्या युनिसला सर्दी होती. तिने त्याला पुढे जायला सांगितलं, त्याने तिला. दहा मिनिटं दोघांचं तेच चाललं होतं, आणि मी मात्र जमीन पुसत होते. माझ्या नोंदवहीच्या तक्रारीच्या रकान्यात चौतीस वर्षं बहुतेक एकच वाक्य आहे.

डॉक्टरांनी व्हर्लिनला दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतलं. ताप बघायचा, रक्तदाब बघायचा, तक्रार लिहायची, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं. तासांवर डॉक्टर सही देणार होते. पहिल्या महिन्याअखेरीस मी बेरीज केली. दिवसाला चार रुग्ण, प्रत्येकी पंधरा मिनिटं. दोन हजार तास व्हायला आठ वर्षं लागणार होती, आणि अर्जाची शेवटची तारीख होती पुढच्या वर्षीची तीस सप्टेंबर, दुपारी बारा. शिवाय त्या चारांपैकी तिघांची तक्रार नव्हती.

हे मी लव्हॉन स्कोगेनला सांगितलं. ती चर्चच्या स्वयंपाकघर समितीची अध्यक्ष. गावात कोणाचं मयत झालं, घर जळलं, बाळ झालं, की लव्हॉन एक कागद भिंतीला लावायची. कोण खिमा-बटाट्याची हॉटडिश भाजून आणणार, कोण सॅलड, कोण गोड, ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं. कागद दोन दिवसांत भरायचा.

"दिवसाला किती माणसं लागतील?" तिने विचारलं.

"सोळा. प्रत्येकी अर्धा तास."

"कुठल्या कुठल्या दुखण्याची?"

"कुठल्याही. फक्त तोंडाने बोलायला पाहिजेत."

"तेवढंच अवघड आहे," लव्हॉन म्हणाली, आणि कागद आणायला गेली.

त्या गुरुवारी तळघरात बैठक झाली. व्हर्लिनला बोलावलं नव्हतं. त्याला कळलं तर तो नको म्हणेल, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याच्या जागी ते सगळेच नको म्हणाले असते. लव्हॉनने दुखण्यांची यादी वाचायला घेतली.

"खोकला."

चाळीस हात वर झाले.

"मूतखडा."

कोणी हललं नाही. कोणीतरी कॉफी ढवळली.

"मूतखडा जरा दिखाऊ वाटतो," युनिस ब्राटेन म्हणाली. "लोक म्हणतील, हिला कशाला एवढं मोठं हवं. मला आपलं अंग मोडून येणं द्या. तेही उरलं असेल तर."

"अगं, तू घे ना चक्कर. चक्कर छान आहे."

"नको बाई, चक्कर तू घे. तू अध्यक्ष आहेस."

"मी घेतली तर वाईट दिसेल."

"तूच घे."

शेवटी चक्कर लव्हॉनने घेतली, तीन वेळा नाही म्हणून. यादीच्या तळाशी एकच दुखणं राहिलं, छातीत कळ. ते सगळ्यांच्या मते फारच पुढे पुढे करण्यासारखं होतं. मागच्या बाकावरून डेल्बर्ट निगार्ड म्हणाला, "जे कोणी घेणार नाही ते माझ्या नावावर टाका." तो जेवणावळीतही तसाच, जळकी कड मागून घ्यायचा. लव्हॉनने त्याचं नाव शेवटच्या आठवड्यात लिहिलं, एकोणतीस सप्टेंबर, बुधवार, सकाळी नऊ.

पास्टर गेरहार्ट यांना विचारण्यात आलं, की हे खोटं बोलणं होतं का. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, की शेजाऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी आजारी पडू नये असं धर्मात स्पष्ट म्हटलेलं नाही. मग त्यांनी मंगळवारची पाठदुखी घेतली.

डॉक्टर लिंडाल माझ्याकडे बघून म्हणाले, "आर्डिस, चाळीस वर्षं मी या लोकांची वाट बघतोय. अपेंडिक्स फुटल्यावर येतात आणि वर माफी मागतात, की शनिवार आहे. खोकला घेऊन येत असतील तर मी त्यांना हाकलणार नाही. तपासणी मी खरी करीन. दुखणं खोटं असेल, तास खरा आहे."

तक्रार करायचे वर्ग बुधवारी भरायचे. लव्हॉन शिकवायची.

"दुखतं म्हण, ऑर्व्हिल."

"दुखतं, पण—"

"पण नको."

"थोडंसं दुखतं."

"थोडंसं नको. नुसतं दुखतं."

ऑर्व्हिल हा डेल्बर्टचा धाकटा भाऊ, वय अडुसष्ट. त्याने घाम पुसला. "हे मला जमायचं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं दुखतंय असं सांगितलं तर चालेल का?"

पण जमलं. माणसाला काहीही जमतं. डिसेंबरपासून दिवसाला सोळा माणसं येऊ लागली. ती पाच मिनिटं आधी यायची, बूट दाराशी काढायची, आणि आत जाऊन पाठ केलेलं वाक्य म्हणायची. व्हर्लिन ते त्यांच्याच शब्दांत लिहायचा. संध्याकाळी तो चाळीस मैल गाडी हाणून अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रसायनशास्त्राला बसायचा, आणि पहाटे गाईंना जायचा, कारण पोट तिथे होतं. मार्चमध्ये त्याला रसायनात पहिला क्रमांक मिळाला. विचारलं तर म्हणाला, "तसं वाईट नाही."

मग एक अडचण उपटली. लव्हॉन तिची ठरलेली चक्कर घेऊन आली. व्हर्लिनने तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, कारण चक्कर म्हटल्यावर तो घ्यायचा असतो. साखर चारशे बारा निघाली.

"हे यादीत नव्हतं," लव्हॉन मला बाहेर येऊन म्हणाली, जराशी रागावून.

पास्टरांच्या पाठदुखीमागे सरकलेला मणका निघाला. युनिसचं अंग मोडून येणं म्हणजे थायरॉईड होतं, सहा वर्षांचं. मेअखेर मी मोजलं, तर खोटं दुखणं घेऊन आलेल्या एकेचाळीस जणांना खरं दुखणं होतं, आणि बहुतेकांना तेच होतं जे त्यांनी यादीवर मागून घेतलं होतं. जो तो म्हणायचा, "मी आपलं व्हर्लिनसाठी गेलो होतो."

तिकडे कंपनीच्या संगणकाला दिसलं, की ओस्टरविक हे राज्यातलं सगळ्यात आजारी गाव आहे. तिघांचं पथक आलं. त्यांनी विहिरींचं पाणी नेलं, शाळेची माती नेली, चर्चच्या जेवणातली हॉटडिश बाटलीत भरून नेली. अहवाल आला तो असा: गावात तपासण्या वाढल्यापासून आजार वाढले आहेत, सबब तपासणी हेच आजाराचे संभाव्य कारण असून त्याबाबत अधिक तपासणी व्हावी. खबरदारी म्हणून हॉटडिश दोन आठवडे बंद ठेवावी. त्या दोन आठवड्यांत मात्र यादी न लावताच लोक आजारी पडले.

अहवाल वर्तमानपत्रात छापून आला. तो वाचून आमची कोणाला दया आली असं दिसलं नाही, पण मोटारी येऊ लागल्या. धंदा बदलून फिजिशियन असिस्टंट व्हायला निघालेले आम्ही एकटेच नव्हतो. त्या मंदीत निम्मा देश धंदा बदलत होता, प्रत्येकाला दोन हजार तास हवे होते, आणि शहरात आजाऱ्यांपेक्षा उमेदवार जास्त झाले होते. तोंडाने तक्रार सांगणारा रुग्ण वेळेवर मिळतो असं एक गाव आहे, ही बातमी त्यांच्यात पसरली. जुलैत अकरा जण उतरले. एक वकील, दोन योगशिक्षिका, एक वाद्यं विकणारा, आणि प्रेस्टन व्हिटलॉक. तो मिनियापोलिसच्या एका मोठ्या पेढीत लोकांच्या पेन्शनी गुंतवायचा. त्याने स्वतःचा पांढरा कोट आणला होता, खिशावर नाव विणलेला. कंपनीने या सगळ्यांना 'निरीक्षक सहायक' म्हणून दवाखान्यात बसायची परवानगी दिली, कारण ते फुकट होते.

"मला लोकांना स्पर्श करायचा आहे," प्रेस्टन मला म्हणाला.

"नाव लिहा," मी म्हटलं. "रांग आहे."

इथे आमच्या गावाने जी चूक केली ती दुसऱ्या कुठल्या गावाने केली नसती. आमच्याकडे ताट आधी पाहुण्याला वाढतात. हॉटडिशच्या बाबतीत जे खरं, ते आजाऱ्यांच्या बाबतीतही खरंच असणार, असं लव्हॉनचं मत पडलं. लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? चांगली दुखणी पाहुण्यांकडे जाऊ लागली. प्रेस्टनला मूतखडा मिळाला. व्हर्लिनला उरलेले खोकले मिळायचे, तेही कमीच.

"लव्हॉन, अगं त्याचे तास कमी पडतायत," मी सांगितलं.

"मग तू त्या वकिलाला सांग, की तुला आमच्याकडे काही मिळणार नाही. सांगशील?"

मी सांगितलं नाही. तुम्ही आमच्यातले असता तर तुम्हीही सांगितलं नसतं.

एकोणतीस सप्टेंबरला सकाळी व्हर्लिनचे तास एक हजार नऊशे त्र्याण्णव भरले होते. सात हवे होते. लव्हॉनला अखेर शरम वाटून तिने त्या दिवसाचे सोळाच्या सोळा आजारी व्हर्लिनच्या नावावर टाकले होते. आठ तास झाले असते, काम झालं असतं. प्रतीक्षाखोलीत गर्दी होती. कोणी केकचे तुकडे आणले होते. पास्टर मनगट मुरगळून तयार बसले होते.

नऊला डेल्बर्ट आला. आत गेला आणि छातीवर हात ठेवून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "छातीत कळ येतेय. फार दुखतंय. सहन होत नाही."

बाहेर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं मोकळं वाक्य वर्षभरात कोणी म्हटलं नव्हतं. "बुधवारच्या वर्गाचं चीज केलं हो याने," युनिस पुटपुटली.

व्हर्लिनने मात्र त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मनगट धरलं, आणि मान वळवून हळू आवाजात, गाईबद्दल बोलावं तसं म्हणाला, "आर्डिसबाई, गाडी बोलवा. हा लंगडा खरा आहे."

नंतर जे झालं ते पंधरा मिनिटांत झालं. डॉक्टरांनी गोळी जिभेखाली दिली, नळी लावली. रुग्णवाहिका आली. व्हर्लिन मागे डेल्बर्टजवळ बसला. दारातून स्ट्रेचर जात असताना प्रेस्टनने दार धरलं होतं. वाटेत एकदा डेल्बर्टचं हृदय थांबलं आणि व्हर्लिनने ते परत चालू केलं. हे आम्हाला गाडीच्या चालकाने सांगितलं, व्हर्लिनने नाही. तो संध्याकाळी सहापर्यंत इस्पितळात डेल्बर्टजवळ बसून राहिला, कारण डेल्बर्टने त्याची बाही सोडली नाही. नऊ तास झाले. इकडे प्रतीक्षाखोलीत पंधरा आजारी तयार बसले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून पाहुण्यांनी वाटून घेतले.

तरी हिशेबाने दोन हजार दोन होत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची सही घेऊन मी इस्पितळात गेले. तक्रारीच्या रकान्याखाली डेल्बर्टची सही तेवढी राहिली होती.

तो नळ्यांमध्ये पडला होता, चेहरा पिठासारखा. मी कागद वाचून दाखवला: छातीत कळ येतेय, फार दुखतंय, सहन होत नाही.

"हे खोडा," डेल्बर्ट म्हणाला.

"अरे, तू म्हणालास ना असं. सगळ्यांनी ऐकलं."

"तेव्हा मी यादीतलं म्हणत होतो. नाटकातलं म्हणून म्हटलं." त्याचे कान लाल झाले. "हे असं खरंखुरं निघेल म्हणून कोणाला माहीत? खरं असतं तर मी एवढ्या मोठ्याने बोललो असतो का? चार बायका बसल्या होत्या तिथे."

"मग काय लिहू?"

तो विचार करून म्हणाला, "तसं वाईट नाही, लिहा."

मी बाहेर येऊन ब्रिएलला फोन लावला. तिला सांगितलं, की माणसाचं हृदय थांबलं होतं, पण त्याची तक्रार नाही.

"मग ते सोबत बसणं झालं, मॅडम. शून्य तास."

"तो मेला होता. दोन मिनिटं."

"रुग्ण शुद्धीत नसेल तर जवळच्या नातेवाइकाने तक्रार दिलेली चालते."

मी ऑर्व्हिलला फोन लावला. वर्षभर वर्गाला बसलेला माणूस. ऑर्व्हिल म्हणाला, "भावाबद्दल मी तक्रार करू? तो पडलेला असताना?"

साडेअकरा वाजले होते. सकाळीच परत आलेला व्हर्लिन इस्पितळाच्या मार्गिकेत यंत्रातली कॉफी पीत उभा होता.

"तू लिही," मी त्याला म्हटलं. "तू ऐकलंयस. मी ऐकलंय. सगळ्या गावाने ऐकलंय. एक ओळ लिही आणि पाठव. कोण बघायला येतंय?"

"सही करायला तो तयार नाही, आर्डिसबाई."

"वर्षभर खोटे खोकले लिहिलेस ते चाललं?"

"ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं," तो म्हणाला. "कुठलं जनावर लंगडतंय आणि कुठल्याला नुसतं बसायचंय, ते मला कळतं. पण ते त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. वर्षभर मी लोकांनी सांगितलं तेच लिहिलं. याला सांगितल्याची लाज वाटतेय. ती लाज कागदावर चढवून मी कॉलेजात जाऊन बसू?"

"दवाखाना बंद होईल, व्हर्लिन."

"हो," तो म्हणाला. कॉफी संपवून त्याने पेला चेपला आणि डेल्बर्टच्या खोलीत परत गेला.

अर्ज एक हजार नऊशे त्र्याण्णव तासांवर गेला. बारा वाजून चार मिनिटांनी यंत्राने उत्तर पाठवलं: आपल्या रुचीबद्दल आभार. त्याच सकाळी प्रेस्टन व्हिटलॉकचाही अर्ज गेला होता. त्यात एकोणतीस सप्टेंबरची चाळीस मिनिटं होती, 'तीव्र हृदयविकाराच्या रुग्णास आधार' या नावाने. ती दार धरल्याची होती.

डॉक्टर लिंडाल डिसेंबरात ॲरिझोनाला गेले. तिथून ते पत्रं लिहायचे, त्यात उन्हाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल आणि टेकडीवरच्या कोल्ह्यांबद्दल भरभरून तक्रारी असायच्या. मला वाटतं ते तिथेच पहिल्यांदा सुखी झाले. दवाखाना एक जानेवारीला बंद झाला. कंपनीने त्याचं कारण दिलं, की ओस्टरविकमधील आजार ऑक्टोबरपासून अचानक नव्वद टक्क्यांनी घटला असून गाव आता निरोगी आहे. त्या जागेत आता कुत्र्यांचे केस कापतात. वेळ आधी घ्यावी लागते. पाहुणे परतले, दोघांनी आभाराची कार्डं पाठवली. प्रेस्टन फिजिशियन असिस्टंट झाला आणि एका उपनगरात श्रीमंत बायकांच्या गालांवरचे डाग लेझरने घालवतो. 'ग्रामीण वेदनेचा स्पर्श' हा त्याचा निबंध कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी वाचायला देतात. लव्हॉन इन्सुलिन घेते, व्हर्लिनसाठी. युनिस गेली, पास्टरांची बदली झाली. डेल्बर्ट आणखी नऊ वर्षं जगला आणि स्वतःच्या खुर्चीत गेला. ऑर्व्हिल मयताला आलेल्यांना सांगत होता, की भावाने जरा घाईच केली. ब्रिएलचं काम आता यंत्र करतं, आणि फरक कळत नाही.

व्हर्लिन अजून खूर कापतो. त्याच्या रसायनाची मुदतही आता संपली.

हे मी बाहेरून आलेल्या माणसांना सांगते तेव्हा ती हसतात, मग गंभीर होतात, व्यवस्थेला नावं ठेवतात. मग कोणीतरी विचारतं, की तुमच्या वयाला रक्तदाब वगैरे बघतं कोण. मी सांगते, व्हर्लिन बघतो, गाईंच्या चौकटीशेजारच्या शेडमध्ये, हात धुऊन. छातीचं ऐकतो, जखमेला टाका घालतो, आणि जायचं असेल त्याला बासष्ट मैल घेऊन जातो. यावर त्यांच्या भुवया चढतात. हे कायद्यात बसतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. शिक्षण नाही, परवाना नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, हा दुसरा. माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा, असंही म्हणतात. मी मान डोलावते. मग ती इकडे तिकडे बघतात, आवाज खाली आणतात आणि तिसरा प्रश्न विचारतात. तो तुमच्याही ओठांवर आला असेल, म्हणून सांगून ठेवते: मंगळवार आणि शुक्रवार, चारनंतर. कागदपत्रं आणू नका.